छपरातून आकाश दिसले पाहिजे

एखादी गोष्ट करू नये असे चार शहाण्या माणसांनी सांगितले, की ती करण्यावाचून अक्कांना गत्यंतर उरत नसे. काचेच्या खोलीविषयी तर सगळ्या गल्लीनेच सांगितले. म्हणजे प्रश्नच मिटला.

या प्रकरणाचे मूळ एका मासिकातल्या चित्रात होते. दाताच्या दवाखान्यात बाकावर बसून पाने उलटताना ते अक्कांच्या दृष्टीस पडले. चारी बाजूंना काच, माथ्यावर काच, आत वेताची ऐसपैस खुर्ची, कुंड्यांतून हिरवीगार झाडे, आणि त्या खुर्चीत पांढऱ्या केसांची एक बाई हातात कप घेऊन ताठ मानेने जगाकडे पाहत बसलेली. अक्कांना ती मान फार आवडली. कपही आवडला. काचेबाहेर गुडघाभर बर्फ साचला होता, एवढी एकच बाब त्यांच्या नजरेतून निसटली. अक्कांच्या गावात बर्फ पडत असे तो फक्त सरबताच्या पेल्यात.

शिवाय गुडघ्यांचा प्रश्न होता. पूर्वी अक्का फाटकापाशी नुसत्या उभ्या राहिल्या, तरी सायकलवर डबलसीट चाललेली मुले उतरून चालू लागत आणि भाजीवाल्याच्या तराजूला आपोआप प्रामाणिकपणा येई. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला. अक्कांचा मुक्काम आतल्या खोलीत हलला, आणि चिरंजीव जाता-येता म्हणू लागले, "अक्का, आता तुम्ही आराम करा." आराम हा शब्द अक्कांना कधीच सहन झाला नाही. माणसाला बाजूला सारायचे असले, की लोक त्याच्या हातात हा शब्द देतात, असे त्यांचे मत होते. घरात येणाऱ्या प्रत्येकाला "पाय पुसून ये" असे सांगण्याचा मान आजवर त्यांच्याकडे होता. चिरंजीव नवरदेव होऊन आले तेव्हाही त्यांना पाय पुसावे लागले होते, आणि डॉक्टर तपासायला येत तेव्हा तेही न सांगता पायपुसण्यावर उभे राहत. आतल्या खोलीतून हे सांगायचे, तर ओरडावे लागे. आणि ओरडणे म्हणजे हुकूम नव्हे.

घराच्या पश्चिमेला, गल्लीच्या बाजूने, एक मोकळी पट्टी होती. तिच्यावर सूनबाईचा डोळा होता. सूनबाई शिवणाचा वर्ग चालवी. तिचे मशिन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात असल्यामुळे आंघोळीला जाणाऱ्याला कापडाचे तागे ओलांडावे लागत, आणि न्हाणीघरातून बाहेर पडणाऱ्याला शिकायला आलेल्या मुलींसमोरून पंचा सावरत जावे लागे. त्या पट्टीवर साधे पत्र्याचे छप्पर टाकून द्यावे, एवढीच तिची मागणी होती. ती ऐकून घेऊन अक्कांनी जाहीर केले, की तिथे काचेची खोली होईल.

"अक्का, तिकडे दुपारभर ऊन असतं," सूनबाई म्हणाली.

"ऊन असतं म्हणूनच काच लावायची. अंधारात काच कोण लावतं?"

"पण तिथे तुम्हांला बसवेल का?"

बसवेल का, हे दोन शब्द तिने उच्चारायला नको होते. चहा घ्यायला आलेले शेजारचे ओव्हरसियर तिथेच होते. अक्कांनी त्यांच्या देखत, चिरंजीवांच्या देखत, आवाज न चढवता सांगितले, "सकाळच्या चहापासून दिवे लागेपर्यंत बसेन. रोज. ज्या दिवशी उन्हाला कंटाळून मी त्या खुर्चीतून उठेन, त्या दिवशी खोली तुझी. मशिनसकट, मुलींसकट."

"आणि जेवायला?" चिरंजीवांनी विचारले. त्यांना तपशिलाची हौस होती.

"जेवायला उठणं म्हणजे उन्हाला कंटाळणं नव्हे."

अक्कांचा शब्द सिमेंटसारखा असे. ओला असेपर्यंत काय ते बोट उमटायचे. चिरंजीवांनी तोंड उघडेपर्यंत तो वाळला होता.

ओव्हरसियरांना सारी गल्ली काटकोन म्हणत असे. निवृत्तीनंतर ते कमरेला ओळंबा लावून फिरत आणि ज्याचे-त्याचे दार, कुंपण, क्वचित चारित्र्यही सरळ आहे की नाही हे पाहत. दुसऱ्याच दिवशी दोरी घेऊन ते हजर झाले.

"पश्चिमेला काच म्हणजे तवा होईल, अक्का. उत्तरेला घ्या."

"उत्तरेला काय दिसतं?"

"उत्तरेला... तुमच्याच न्हाणीघराची भिंत."

"मग तिच्याकडे बघत बसू?"

काटकोनांनी दोरी गुंडाळली. समोरच्या वहिनींचा मुद्दा वेगळा होता. "अक्का, काचेतून बाहेरचं दिसतं तसं आतलंही दिसतं हो."

"दिसू दे. झाकून ठेवावं असं माझ्याकडे काय आहे?"

माणसाने असे प्रश्न विचारू नयेत. ते लक्षात ठेवले जातात.

बांधकाम खात्यात मात्र निराळाच पेच पडला. पहिल्या टेबलाचे म्हणणे, ही खोली आहे. दुसऱ्या टेबलाचे म्हणणे, काचेची आहे म्हणजे खिडकी आहे, आणि खिडक्या तिसऱ्या टेबलाकडे. तिसरे टेबल जेवायला गेले होते. अक्का बाकावर ताठ बसून राहिल्या. त्यांच्या नजरेमुळे कारकुनांना फायली उघडाव्या लागल्या, आणि उघडल्यावर वाचाव्या लागल्या. इतके काम एका दिवशी होण्याची त्या कचेरीला सवय नव्हती. अखेर तपासनीस साहेब स्वतः बाहेर आले. किडकिडीत अंगाचे, कॉलरखाली रुमाल घातलेले, आणि नियम बोलताना डोळे मिटून घेणारे असे ते गृहस्थ होते.

"छपरातून आकाश दिसतं का?" त्यांनी विचारले.

"काचेतून दिसेल नाही तर काय."

"मग ते छप्पर नव्हे. ती आडवी टाकलेली खिडकी." साहेबांनी डोळे मिटले. "खिडकीला परवानगी लागत नाही. मात्र आकाश दिसलं पाहिजे. ज्या दिवशी दिसेनासं होईल, त्या दिवशी तिची खोली होईल. आणि खोली झाली, की पाडावी लागेल."

अक्कांना हा माणूस पसंत पडला. जगात अजून कोणीतरी स्पष्ट बोलतो आहे, असे त्या घरी येऊन म्हणाल्या.

काम सुरू झाले. काचवाला हुशार होता आणि त्याला आपली हुशारी माहीत होती, त्यामुळे तो सांगितलेले ऐके आणि हवे ते करी. दाराच्या बाबतीत मात्र अक्कांनी त्याचे काही चालू दिले नाही. तो रुंद दार म्हणत होता. अक्का म्हणाल्या, "दार रुंद ठेवलं, की सगळं घर आत येतं. एक माणूस आडवा न होता जाईल एवढं पुरे." तसे दार झाले. भिंती झाल्या, माथ्यावर काचा बसल्या, आणि मग वेताची खुर्ची आली. ती दारापाशी अडली. उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली, तिरपी करून पाहिली. काटकोनांनी मापे घेऊन ती जाणार नाही असे सिद्ध केले, जे सगळ्यांना आधीच दिसत होते.

"दार मोठं करतो," काचवाला म्हणाला, आणि हसला.

त्या हसण्यामुळे दार मोठे होणे कायमचे रद्द झाले. माथ्यावरची एक काच पुन्हा काढली गेली, खुर्चीला दोर बांधले गेले, आणि चार माणसांच्या आरोळ्यांत अक्कांचे आसन आकाशातून खाली उतरले. काच पुन्हा बसली. आता ती खुर्ची त्या खोलीतून बाहेर निघणे नाही, हे काचवाल्याने जाताना सांगितले.

"बाहेर काढायचीच कशाला?" अक्का म्हणाल्या.

पहिली सकाळ फार सुंदर गेली. समोर गल्लीत कोवळे ऊन, हातात कप, ताठ मान. डबलसीट मुले उतरली. भाजीवाल्याने वजनात एक कांदा वाढवला. अक्कांना वाटले, आपण पुन्हा फाटकापाशी उभ्या आहोत, फक्त बसून.

मग दुपार झाली.

ऊन आधी पायांवर आले, मग मांडीवर बसले आणि शेवटी ओळख झाल्यासारखे अंगभर पसरले. वर्तमानपत्राच्या कडा आत वळल्या. चष्म्याची काडी कानाला चटका देऊ लागली. कुंड्यांतल्या झाडांनी संध्याकाळपर्यंत माना टाकल्या. त्या रोपांना मुळातच कणा नव्हता, असा अक्कांनी निर्वाळा दिला. कोणी विचारले, तर त्या एवढेच म्हणत, "इथे चहा निवत नाही. ही केवढी सोय आहे."

चहा निवत नव्हता हे खरेच होते. तो कपात ओतल्यानंतर अधिक तापतो की काय, अशी चिरंजीवांना शंका होती.

समोर वेगळाच उत्पात माजला. उतरत्या उन्हाचा लोळ अक्कांच्या काचेवर आपटून थेट वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरू लागला. वहिनी काळा चष्मा लावून फोडण्या घालू लागल्या आणि रस्त्याने जाणाऱ्याला तोच चष्मा लावून सांगू लागल्या, "उजेड आमच्याकडे भरपूर आहे हो, अक्कांच्या कृपेने."

अक्कांनी हेही मनावर घेतले नाही. मनावर घ्यावे असे घडले ते पुढच्या आठवड्यात. दुपारी झोपणाऱ्या माणसाविषयी अक्कांची मते साऱ्या गल्लीला पाठ होती. दुपारची झोप म्हणजे दिवसाची चोरी, हे त्यांचे वचन वहिनींच्या सासूबाई मरेपर्यंत ऐकत आल्या होत्या. त्या दिवशी सकाळी वहिनी फाटकाशी थांबल्या आणि फार आदराने म्हणाल्या, "काल तुम्ही डोळे मिटून विचार करत होता, म्हणून हाक नाही मारली."

"हो. विचारच करत होते."

"तेच म्हटलं मी सगळ्यांना. बरीच माणसं जमली होती. आवाज काही आला नाही, काच जाड आहे तुमची. पण तोंड उघडं होतं, म्हणून आमच्या यांना वाटलं, काही बोलताय."

त्याच दिवशी माथ्यावर चटया पडल्या. चटयांवर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. खोलीत अशी गार सावली पसरली, की झाडांनी माना वर केल्या. आतला काळोख इतका झाला, की वाचायला दिवा लावावा लागे. पण दिवा लावून बसणे म्हणजे उठणे नव्हे, आणि अक्का समाधानी होत्या.

तपासनीस साहेब कसे आले, ते कळले नाही. वहिनींचे यजमान त्याच कचेरीवरून रोज जात, एवढेच सांगणे योग्य.

"पाय पुसून या," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी पाय पुसले, आत येऊन मान वर केली आणि डोळे मिटले. "आकाश कुठे आहे?"

"जिथे होतं तिथेच आहे. वर."

"मला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे ही खोली झाली. चटया उतरवा, नाहीतर माणसं पाठवावी लागतील. मी पुन्हा येऊन बघेन."

चटया उतरल्या. ऊन पुन्हा मांडीवर येऊन बसले. चिरंजीव हात जोडून म्हणाले, "अक्का, सोडा आता हट्ट. आत या." अक्कांनी आतून छत्री मागवली. आडव्या खिडकीखाली बसलेल्या माणसाने छत्री उघडू नये, असा कोणताही नियम नव्हता. काचेच्या पेटीत छत्री धरून बसलेल्या अक्का पाहून शाळेतून परतणारी मुले थांबत आणि एकमेकांना विचारत, "आत पाऊस पडतोय का रे?" छत्री या हातातून त्या हातात जाई. मान मात्र तशीच.

घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते, की आता एखाद-दुसऱ्या दिवसाचाच प्रश्न आहे. सूनबाईने नुसते गप्प बसायचे होते. खोली तिच्या पदरात आपसूक पडली असती.

त्याऐवजी एका सकाळी ती मापपट्टी गळ्यात आणि टाचण्या ओठांत धरून आली, आणि स्टुलावर चढून माथ्यावरच्या काचा मोजू लागली.

"काय चाललंय?" अक्कांनी विचारले.

"पडदा शिवतेय," टाचण्यांतून उत्तर आले. "काचेच्या आतून. पांढरा, जाड. तारेवर कड्या, खाली दोरी. ओढला की सावली, सारला की आकाश."

अक्कांनी छत्री मिटली. स्टुलावरच्या सुनेच्या टाचांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मी उठले असते, तर खोली तुला मिळाली असती."

"माहीत आहे."

"मग?"

सूनबाईने टाचण्या काढून हातात घेतल्या. "तुम्हांला भाजून मिळालेल्या खोलीत मी शिवत बसणार का? समोर ती खुर्ची. ती तर बाहेरही निघत नाही." ती खाली उतरली. "आणि तुम्ही आजारी पडलात, तर उशाशी कोण बसणार? मीच. मग वर्गाचं काय करू?"

"उत्तरं द्यायला कुठे शिकलीस?"

"तुमच्याच घरात," सूनबाई म्हणाली आणि मापे पुटपुटत निघून गेली.

पडदा झाला. अक्कांनी दोरी ओढून पाहिली, सोडून पाहिली, पुन्हा ओढली. शिवण सरळ होती. काटकोनांनीही ती सरळ ठरवली. आणि तपासनीस साहेब पुन्हा आले ते नेमके भर दुपारी.

"पाय पुसून या."

साहेबांनी पाय पुसले. वर पाहिले. "हे काय आहे?"

"पडदा."

"आकाश दिसत नाही."

"साहेब, ही आडवी खिडकी, हे तुमचेच शब्द. खिडकीला पडदा लावायला परवानगी लागते का?"

साहेबांचे डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा मिटले. नियमांच्या अंधारात ते काहीतरी चाचपडत असावेत. हाताला काही लागले नाही. "सारा तो," ते म्हणाले. "मला इथे बसून पाहणी लिहायची आहे. ती पुरी होईपर्यंत आकाश दिसत राहिलं पाहिजे. तुम्हांला त्रास होत असेल, तर आत जाऊन बसा."

"मला कसला त्रास?" अक्का म्हणाल्या आणि सूनबाईला म्हणाल्या, "साहेबांना स्टूल दे. आणि चहा. चांगला कढत."

पडदा सरला. ऊन कोसळले. साहेब लिहू लागले. दारात चिरंजीव, काचेबाहेर काटकोन, फाटकाशी काळा चष्मा लावून वहिनी. साहेबांनी कॉलरखालचा रुमाल काढून कपाळ पुसले, मग मान पुसली, मग रुमाल पिळला. घामाचा थेंब कागदावर पडून एक अक्षर फुगले. अक्का वेताच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कानाला चष्म्याचा चटका बसत होता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्यांनी मासिकातल्या बाईची मान आठवली. मग प्रथमच त्यांना त्या चित्रातला बर्फ आठवला.

"तुम्ही रोज बसता इथे?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारले.

"रोज."

"कशासाठी?"

"आणखी चहा घ्या," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी कपाकडे पाहिले. कपातून अजून वाफ येत होती. मग ते उठले. कागद गोळा केले, एकवार वर पाहिले, म्हणाले, "आकाश आहे," आणि दारातल्या चिरंजीवांना चुकवत, त्या अरुंद दारातून आडवे होऊन निघून गेले. रुमाल तिथेच राहिला.

चिरंजीवांनी टाळीसाठी हात उचलले. सूनबाई दोरीकडे धावली.

"थांब," अक्का म्हणाल्या. "ओढू नकोस."

खुर्चीचे हात धरून त्या सावकाश उभ्या राहिल्या. "ऊन फार आहे. मी आत जाते."

"अक्का," चिरंजीव चाचरत म्हणाले, "म्हणजे मग ती पैज..."

"ती काय होती ते सगळ्यांना माहीत आहे. मी सरकारनंतर उठले आहे, तेव्हा हरले असं कोणी म्हणू नये. पण उठले ती उन्हामुळेच. शब्द म्हणजे शब्द." सुनेसमोरून जाताना त्या क्षणभर थांबल्या. "उद्या सकाळी ते मशिन बोळातून हलव. लोकांना आंघोळीला जायला वाट नाही."

दुसऱ्या दिवशी मशिन हलले. मुली आल्या. अक्का आतल्या खोलीत बसल्या. तिथून मशिनची घरघर ऐकू येत होती, मध्येच मुलींचे हसणे, आणि मध्येच बराच वेळ काहीच नाही. हसणे समजू शकते. काहीच नाही, हे मात्र तपासायला हवे. अक्कांनी थोडा वेळ भिंत पाहिली. ती बघण्यासारखी नव्हती, हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होते. मग त्या काठी घेऊन उठल्या.

काचेच्या खोलीत पडद्याखाली दुधासारखा उजेड पसरला होता. मुली माना खाली घालून टाके घालत होत्या. कोपऱ्यातली एक तर उघडउघड वाकडे घालत होती. वेताची खुर्ची जागच्या जागी होती. तिच्यावर कोणी कापड ठेवले नव्हते, की कोणी बसलेही नव्हते. अक्का दारात उभ्या राहिल्या. त्या घरातल्या कोणत्याही दारात त्या आजवर थांबल्या नव्हत्या.

"माझी खुर्ची आत आहे," त्या म्हणाल्या.

मशिन चालूच राहिले.

अक्कांनी घसा साफ केला. "येऊ का?"

सूनबाईने मान वर केली नाही. सुईखालचे कापड पुढे सरकवत ती म्हणाली, "या ना. पाय पुसून."

मुलींचे टाके थांबले. फाटकाशी वहिनींनी काळा चष्मा कपाळावर चढवला. अक्कांनी एकदा सुनेकडे पाहिले, एकदा पायपुसण्याकडे. मग काठी भिंतीला टेकवून, दाराची चौकट धरून, त्यांनी आधी उजवा पाय पुसला, मग डावा, टाचेपासून बोटांपर्यंत, साऱ्या घराला शिकवला होता तसा.